मोरसकराचं पान

माझ्या सासूबाई, लीलावती, दोन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्याकडे आयर्लंडला आल्या आणि लॉकडाऊनच्या कृपेने पावणेदोन वर्षं राहिल्या. देवगडकडच्या या बाईंना सगळ्याचंच कुतूहल. मी आणि नवरा चारुदत्त कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत औषधांच्या कारखान्यात. कामावरून आलो की आज कारखान्यात काय शिजवलं, ढवळलं कोणी, सगळं त्यांना सांगायचं. घरापासून पाच किलोमीटरच फिरायची परवानगी होती, पण त्यात बंदर बसत होतं. तिथे रोज प्रत्येक जहाजाकडे बघून एकच चौकशी, "ही बोट मोरसाक जाता काय गो?"

मोरस म्हणजे मॉरिशस. त्यांच्या पणजेसासऱ्यांचा भाऊ उसाच्या मळ्यावर मजुरीला तिकडे गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. मेला असेल तर तिथी कुठली धरायची? मग घरातल्या बायकांनी तोडगा काढला. सणासुदीला देवाच्या नैवेद्याबरोबर एक पान त्याच्या नावाने वाढायचं आणि पाखरांसाठी बाहेर ठेवायचं. त्याला नाव पडलं मोरसकराचं पान. सासूबाईंनी ते लग्न झाल्यापासून कधी चुकवलं नव्हतं.

आमच्याकडे केळीचं पान कुठलं! स्टीलच्या ताटलीलाच पान म्हणायचं. त्या गणपतीत आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती मागच्या भिंतीवर ठेवली. कावळ्याच्या आधी सीगल आला आणि मोदक घेऊन पसार झाला. शेजारची नोरीन पलीकडून बघत होती. "युअर मॅन वॉज स्टार्व्हिंग!" ती म्हणाली. इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गडी', पण मी हसत हसत आईंना शब्दशः सांगितलं, तुमचा माणूस उपाशी होता. आई हसल्या नाहीत.

"ताच तर," त्या म्हणाल्या. "तो थंय जेवलो काय उपाशी ऱ्हवलो, कोणाक ठावक? माझ्यामागसून ह्यां तुझ्या गळ्यात घालूचां नाय माका. पण तो उपाशी असलो तर बंद तरी कसां करू?"

आमच्या कारखान्यात काही बिघडलं की कारण सापडल्याशिवाय प्रकरण मिटवता येत नाही. त्यामुळे मला त्यांची अडचण लगेच कळली. खरं सांगायचं तर सणवार म्हटलं की मला आधी घासायची भांडी दिसतात. पण आईंचा जीव कशात अडकलाय हे कळल्यावर मलाही चैन पडेना.

लस घेतलेल्या पाहुण्यांसाठी मॉरिशस उघडलं आणि २०२१च्या दिवाळीला आम्ही दोघी निघालो. "तुम्ही दोघीच? ग्रँड!" चारुदत्त म्हणाला. इतका आनंद दाखवायची गरज नव्हती.

पोर्ट लुई ही त्या बेटाची राजधानी. आईंनी ती पायाखाली घातली. देऊळ, मशीद, चर्च, चिनी लोकांची वस्ती, सगळीकडे डोकावून झालं. बाजारात त्या मालवणीत भाव विचारत, भाजीवाली तिथल्या क्रिओल बोलीत सांगे आणि सौदा बिनबोभाट पार पडे. मला दोन्ही कळत नसल्यासारखी मी मागून पिशवी धरून.

मग आप्रवासी घाट. बोटीतून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्यांवरून वर आले, त्या तिथे अजून आहेत. आईंनी पायऱ्यांकडे बघून हात जोडले, खाली बसल्या आणि कॉर्कहून जपून आणलेला रव्याच्या लाडवांचा डबा उघडला.

"क्षमा करा. येथे अन्न ठेवण्यास मनाई आहे," मागून शुद्ध मराठीत आवाज आला. ती तिथली गाईड, पद्मिनी; आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. तिचेही पूर्वज कोकणातले. मराठी मात्र शाळेत शिकलेलं.

"अहो, आयर्लंडहून आलोय आम्ही!" मी भडकलेच. आईंनी मला गप्प केलं आणि पद्मिनीला मोरसकराची सगळी हकीकत सांगितली. तिला किती समजलं कोण जाणे.

"उद्या दिवाळी आहे," ती म्हणाली. "माझ्या घरी भोजनास या."

गेलो. तिच्या घरी खरं केळीचं पान होतं. तिने देवाला नैवेद्य दाखवला. मग दाराशी पाट मांडून दुसरं पान वाढलं, भात, वरण, भाजी, सगळं.

"ह्यां कोणाचां?" आईंनी विचारलं.

"मागे राहिलेल्यांचं," पद्मिनी म्हणाली. "पणजोबांनी सुरू केलं. ते म्हणत, मी येथे जेवतो, घरचे तिकडे जेवले की नाही, मला कसे कळणार? नंतर आम्ही ते पक्ष्यांना देतो."

पणजोबांचं नाव काय, गाव कुठलं, विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या माझ्या सासूबाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी पदर खोचला आणि सरळ त्या पाटावर जाऊन बसल्या.

"आमी अजून जेवूक नाय गो," त्या पद्मिनीला म्हणाल्या आणि भात कालवला.

पान चाटूनपुसून स्वच्छ झालं. मग त्यांनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला. पद्मिनीने लाडू उचलला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. ती रडत होती, तरी तिने तो पूर्ण खाल्ला. तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत आईंनी नजर हलवली नाही.

"जेवलो गो तो," त्या मला म्हणाल्या.