आबा बोलले नाहीत, आबांचा आवाज बोलला

लोणावळा शहर व समस्त मावळ तालुक्यातील नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, टाकवे बुद्रुक येथील एका ज्येष्ठ शेतकऱ्याने, देवळात भंडारा उचलून घेतलेली शपथ अबाधित राखून, म्हणजेच सख्ख्या भावाशी अवाक्षरही न बोलता, त्याच्याशी बोलण्याचे निश्चित केले आहे. सदर कामी एका यंत्राची व एका बाईची नेमणूक झालेली असून नागरिकांनी सहकार्य करावे.

ती बाई मी.

असली भाषा माझ्या पोटापाण्याची आहे. लोणावळ्यात रिक्षावर भोंगा लावून जी जाहिरात फिरते, तिच्यातला बाईचा आवाज बहुतेक वेळा माझाच असतो. साड्यांचा सेल, डोळे तपासणी शिबिर, उद्या पाणी येणार नाही. मंडईत मी नुसतं "कोथिंबीर कशी?" म्हटलं तरी भाजीवाली दचकते आणि विचारते, "अगं बाई, उद्या पाणी नाही का?" नाटकात काम करायचं राहून गेलं, ती हौस मी अशी भागवली.

गावाबाहेर झाडीत एक केंद्र आहे. जी माणसं आता बरी होणार नाहीत, त्यांना शेवटचे दिवस फार दुखू नये, घरचं माणूस उशाशी असावं, एवढ्यासाठी ते चालतं. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा मला शोधत घरी आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला आवाजातलं कळतं. आमच्याकडे याल का?" काम असं होतं : आजारी माणसाच्या गप्पा रेकॉर्ड करायच्या, त्या लॅपटॉपवरच्या एआय प्रोग्रॅमला द्यायच्या, आणि त्या माणसाचा आवाज त्याने शिकला की आपण फोनवर टाइप करू ते वाक्य तो त्याच आवाजात बोलून दाखवतो. माणूस गेल्यावर घरच्यांकडे आवाज राहतो. नियम दोनच. आवाजाने काय बोलायचं ते त्या माणसाने स्वतः, जिवंतपणी ठरवायचं. आणि ऐकणाऱ्याला आधी सांगायचं की हे यंत्र आहे. हे दोन्ही नियम मी इतक्या कसोशीने पाळते की माझ्या नवऱ्याला शंका येते, ही तीच बाई का.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, लोक आशीर्वाद ठेवून जातील. छे! भाजे गावच्या एका मावशींनी मुलीसाठी सुकटीची चटणी ठेवली, अख्खी कृती, रागावण्यासकट. "मीठ आत्ता न्हाई. आत्ता न्हाई म्हनलं ना!" मुलगी आजही फोन ओट्यावर उभा करून चटणी करते, मधेच रडते, आणि मीठ घाईने टाकायला गेली की आईचा ओरडा खाते. ते ऐकून घरी येताना मी रिक्षात ताठ बसले होते. साडीच्या सेलने माझी मान इतकी कधी ताठ केली नव्हती.

मग टाकव्याचे आबा आले. फुप्फुसाचं दुखणं. बोलायला लागले की दम संपायचा, पण आवाज खणखणीत, बैलाला हाक मारून तयार झालेला. सोबत त्यांची बायको, ज्यांना मी आजी म्हणायचे, आणि मुलगा. मुलाने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, दोघं मिळून शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाडा पळवायचे. कोर्टाने शर्यती बंद केल्या होत्या त्या काळात तात्यांनी दावणीचा शर्यतीचा बैल आबांना न विचारता विकला. आबांनी देवळात जाऊन देवाच्या हळदीचा भंडारा उचलला, ह्याच्याशी जन्मात बोलणार नाही. तात्यांनीही मागोमाग जाऊन उचलला. भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडली तर ती पोराबाळांवर येते, असं दोघंही मानणारे. तेव्हापासून एका भिंतीची दोन घरं आणि मधे आजी. "त्याला सांग, पाणी सोडलंय," असं आबा म्हणायचे, आणि 'तो' समोर अंगणातच उभा असायचा.

आता आबांना एकच ध्यास होता. जायच्या आधी धाकटा उशाशी येऊन बसावा. मुलगा बोलवायला गेला, आजी गेल्या. तात्यांचं उत्तर ठरलेलं, "त्याच्या तोंडून बोलावनं येऊ दे. मग बगू." आणि आबा तर तोंड उघडणार नव्हते.

हे सगळं मनात ठेवून मी माझं काम सुरू केलं. आबांपुढे रेकॉर्डर ठेवला.

"काय बोलू?"

"बैलांबद्दल बोला."

बस्स. नर्स औषध घेऊन आली, तरी बैल संपेनात. खोकला, श्वास, मधली शांतता, सगळं मी राहू दिलं. पुढे दोन दिवसांनी आबांनीच सांगितलेलं वाक्य मी फोनवर टाइप केलं, 'आबाला चहा पायजे,' आणि फोन आबांच्या आवाजात बोलला.

आबांनी फोनकडे पाहिलं, मग आजींकडे. "ह्यो मीच की!"

"व्हय," आजी पदराआड हसत म्हणाल्या. "कुरकुर बी तुमचीच."

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले. पण गडी विचार करत होता.

"सेलवाल्या बाई, आत्ता म्या तोंड उगडलं व्हतं का?"

"नाही आबा."

"जीब हालली?"

"नाही."

"म्हंजी म्या बोललो न्हाई."

"तुम्ही नाही बोललात. तुमचा आवाज बोलला."

"आयकलंस?" आबा आजींना म्हणाले. "तू साक्षी हाईस. देवानं इचारलं तर सांगायचं." आणि मग माझ्याकडे वळून, "त्या धाकल्याला बोलावनं धाडा. ह्या फोनच्या तोंडून."

माझ्या अंगावर असे काही रोमांच उभे राहिले की विचारू नका. या यंत्राचा असा उपयोग जगात कुणाला सुचला असेल तर मला दाखवा. मी धावतच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या आधी खूप हसल्या, मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आवाज त्यांचा, शब्द त्यांचे, इच्छा त्यांची. भावाला मात्र आधी सांगा, यंत्र आहे म्हणून."

मजकूर मी मोठ्या झोकात लिहिला. 'प्रिय बंधू, गतकाळातील कटुता विसरून...'

"ह्यो काय साड्यांचा सेल हाय?" आबा म्हणाले. "खोडा. लिव्हा. बैलाचं ऱ्हाऊ दे. माझं आता लय दिस न्हाईत. येऊन बस."

एवढंच. पण ते एवढंसं वाक्य यंत्राला झेपेना. 'ऱ्हाऊ दे' ते बातम्या दिल्यासारखं म्हणायचं. मी अक्षरं बदलली, स्वल्पविराम पेरले, शब्द तोडले, जोडले. भोंग्यासाठी घासलेला माझा कान त्या दिवशी खरा कामाला आला. शेवटी आजी दारातून आत येता येता थबकल्या आणि त्यांनी विचारलं, "काय म्हनताय?" आबा तर झोपले होते. मग मला कळलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी टाकव्याला गेलो. तात्या गोठ्यापाशी वैरण कापत होते. मी घसा साफ करून नियमाप्रमाणे सांगितलं, "तात्या, आधीच सांगते, हे यंत्र आहे. शब्द आबांचे आहेत, आवाज आबांचा आहे, पण बोलतंय ते यंत्र."

"आमाला काय येडं समजता?" तात्या मान वर न करता म्हणाले. "तुमी भोंग्यावर सेल सांगता, तवा काय रिक्षात बसल्याल्या असता?"

मी फोन पुढे धरला.

बैलाचं ऱ्हाऊ दे. माझं आता लय दिस न्हाईत. येऊन बस.

विळा थांबला. "परत लावा." परत लावलं. तात्या उठले, घरात गेले आणि धुतलेली टोपी घालून बाहेर आले.

"चला. पन मी बी भंडारा उचललाय. त्याच्याशी बोलनार न्हाई. फोनशी बोलीन."

आणि मग मावळात आजवर झाली नसेल अशी बैठक भरली. खाटेवर आबा, पायथ्याशी स्टुलावर तात्या, मधे मी, आणि माझ्या मांडीवर फोन. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते. आबा माझ्या कानात कुजबुजायचे, मी टाइप करायचे, फोन बोलायचा. तात्यांना ती कुजबुज स्वच्छ ऐकू येत होती, पण ती ऐकायची नाही असं ठरलं होतं.

"काय म्हनतोय जीव?" तात्यांनी फोनला विचारलं.

"हाय अजून. तू वाळलास," फोन म्हणाला.

"वाळू न्हाई तर काय करू? वहिनीच्या हातचं बंद झालं न्हवं का."

आजींनी डोळ्याला पदर लावला आणि त्याच हाताने चहा पुढे केला.

मग आबा कानात बोलले. मी टाइप केलं. फोनने विचारलं, "बैल का इकलास?"

तात्यांनी बशी खाली ठेवली. "शर्यती बंद. दावनीला नुस्ता हुबा ऱ्हायचा रं, घाटाकडं तोंड करून. मला बगवत न्हवतं. तुला इचारलं असतं तर तू न्हाईच म्हनला असतास."

आबांनी मला कान जवळ आणायची खूण केली. मग म्हणाले, "लिव्हा. मला बी बगवत न्हवतं."

हे चार शब्द टाइप करताना माझ्या इतक्या चुका झाल्या की लाज वाटावी. फोन बोलला, आणि तात्या पहिल्यांदा मोकळे झाले. गाडीच सुटली म्हणा ना. त्या बैलाची शेवटची शर्यत, आबांच्या फेट्याचा रंग, घाटावरचा गुलाल, कुणाची टोपी चाकाखाली गेली, कोण कुणाच्या खांद्यावरून पडलं. आबा डोळे मिटून ऐकत होते, गालात हसत होते. मग तात्या फोनला म्हणाले, "आन आपला दुसरा नंबर आला."

आबांचे डोळे उघडले. ते कानात काही बोलले, मी टाइप करू लागले, पण माझी बोटं काही त्या बैलाच्या वेगाची नव्हती. आबांनी माझा हात बाजूला ढकलला आणि कोपरावर उठले.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या दिवशी माझी नेमणूक संपली. तात्या रोज येऊन बसू लागले आणि फोनला कुणी विचारेना. मोडलेल्या शपथेसाठी आजींनी देवळात नारळ ठेवला, देवाने काही हरकत घेतल्याचं कानावर नाही. आबा गेले तेव्हा तात्यांचा हात त्यांच्या हातात होता. आबांनी ठरवून ठेवलेली वाक्यं घरात आहेत, आजी सकाळी 'आबाला चहा पायजे' लावतात आणि दोन कप चहा टाकतात, दुसरा तात्या पितात. मला या कामाचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. ज्याला फेट्याचा रंग आठवतो तो नंबर विसरेल, यावर मात्र माझा विश्वास नाही. तात्यांना विचारलं की त्यांना वैरण कापायची आठवण होते.

आबा कोपरावर उठले त्या वेळी माझा रेकॉर्डर चालूच होता. "ठिवा त्ये, पोरं आयकतील," असं आबांनीच नंतर सांगितलं. घरात सगळ्यांत जास्त ऐकतात ते हेच, यंत्राने न बनवलेलं, दम लागलेलं, भावाच्या तोंडावर फेकलेलं :

"दुसरा न्हाई, पयला! आपला गाडा पयला आलता, येड्या!"