साहेबाच्या बग्गीमागची टमटम

पेन्शनीला काही महिने उरले असताना मी टमटम घेतली आणि तिला जोडायला काठेवाडी घोडा. कल्याणचे एक पारशी कंत्राटदार गाव सोडून निघाले होते, त्यांचीच ही जोडी. पिवळी चाके, हलका सांगाडा, आणि घोडा असा की लगाम सैल सोडायचा अवकाश, वारा कानात शिरायचा. तरुणपणी मी पायी कचेरीत जायचो, तेव्हा अशी गाडी अंगावर धूळ उडवत गेली की जळफळाट व्हायचा. एकदा तरी आपणही असे भरधाव सुटायचे, हे तेव्हापासून डोक्यात होते. कचेरीतले म्हणाले, म्हातारपणी अवदसा आठवली. म्हणोत बापडे.

पण सुटायचे कुठे? मोकळा रस्ता एकच, टेंभी नाक्यावरून घोडबंदरकडे जाणारा. सकाळी तो मिठाच्या गाड्यांनी भरलेला असे, आणि संध्याकाळी त्यावर आमच्या साहेबाची बग्गी. मडमेचा लठ्ठ कुत्रा शेजारून चाले. त्याला धाप लागू नये म्हणून बग्गी प्रेतयात्रेच्या चालीने जाई. नेटिव्ह नोकराने साहेबाची गाडी मागे टाकायची नाही, आणि नजरानजर झालीच तर खाली उतरून सलाम करायचा. हे कुठल्या कायद्यात नव्हते, पण आम्ही सगळे पाळत होतो. शिवाय माझ्या पेन्शनीच्या कागदांवर त्याचीच सही व्हायची होती.

तेव्हा रोज संध्याकाळी मी गाडी जोडायचो आणि त्या कुत्र्याच्या मागून रांगायचो. घोडा फुरफुरायचा, मान झटकायचा, खुरांनी माती उकरायचा. माझी गत त्याच्याहून वाईट. जेवायला बसलो तरी मांडी हलत राही. आमटी गरम असली तर खेकसायचो, निवली तरी खेकसायचो. बायको एवढेच म्हणाली की घोडा आणल्यापासून घरात दोन झालेत, आणि त्यातला एक तरी दाणा खाऊन गप्प बसतो.

अखेर सही झाली. हार झाला, पानसुपारी झाली. दुसऱ्या संध्याकाळी मी टमटम काढली, तेव्हा बायकोही आली. लोक काय म्हणतील म्हणून ती इतके दिवस कधी बसली नव्हती. त्या दिवशी आपणहून पदर खोचून मागच्या बैठकीवर बसली.

नाका ओलांडला आणि पुढे बग्गी दिसली. आता मी कुणाचा ताबेदार नव्हतो. लगाम सैल सोडला. घोडा असा उसळला की बायकोने दोन्ही हातांनी कठडा धरला, आणि ती हसत होती. मीही हसत होतो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. कुत्रा भुंकत बाजूला झाला, आमचे चाक बग्गीच्या चाकाला येऊन भिडले, आणि साहेबाने मान वळवून पाहिले.

पुढचे मी केले असे म्हणवत नाही. लगाम खेचला गेला, घोडा तोंडाला फेस आणून थांबला, आणि मी रस्त्यात उतरून उभा होतो. साहेबाने बहुधा मला ओळखलेही नाही. बग्गी पुढे निघून गेली.

बायकोचे हसणे थांबले होते. ती हळूच म्हणाली, "अहो, तुमची नोकरी कालच संपली ना?"

माझा हात अजून कपाळाशीच होता.