सोनालीचा बंद पडलेला पगार चालू झाला!

सोमवारी सकाळी आमच्या गारखेड्यातल्या अख्ख्या गल्लीत मी पेढे वाटले. बायका विचारायच्या, आजी, नातीचं लग्न ठरलं का? म्हणलं नाय गं, त्याहून मोठं काम झालंय… सोनालीचा पगार चालू झाला!

पगार म्हणजे नोकरीचा नाही हं. घरात आम्ही दोघीच. माझ्या नातीच्या पायात लहानपणापासून जोर नाही, वॉकर धरून चालते. म्हणून तिला सरकारकडून महिन्याला निराधारचा पगार येतो. पण घरचं वर्षाचं उत्पन्न कमी असलं तरच, नाहीतर बंद. त्या पैशातून ती रिक्षानं टॅलीच्या क्लासला जाते. हिशोबात इतकी हुशार आहे की दुधवाला तिला टरकतो.

तर झालं काय… मी एका शाळेत नऊ वर्षं आया होते. लेकरांची नाकं पुसली, जिने पुसले, बाईंचा चहा केला. दहा वर्षं भरली नाहीत, म्हणून महिन्याची पेन्शन काही बसली नाही. पेन्शनचे आणि पीएफचे, सगळे पैसे एकदमच माझ्या खात्यात आले. मी आपली खूश!

आणि तिथंच माशी शिंकली. उत्पन्नाचा दाखला नवा काढायला गेलो तर पासबुकात तो आकडा दिसला. तो सगळाच्या सगळा माझी वर्षाची कमाई म्हणून धरला. दाखला अडकला, सोनालीचा पगार बंद, आणि दोन महिन्यांत तिचा क्लासही बंद… पोरगी नुसती खिडकीत बसायची, वह्या उघडून.

मी तिसरी शिकलेली बाई. पण रोज तलाठी ऑफिसात जाऊन टेबलापाशी उभी राहायची. शेवटी तलाठी मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही घरी जा, मी चौकशीला येते.

आता मॅडम घरी येणार म्हणल्यावर आपण काय करतो? घर लावतो! पलीकडच्या रेहानाभाभीच्या चार खुर्च्या आणल्या, तिचाच टीपॉय, तिचाच फुलाफुलांचा टी-सेट. टीपॉयवर शेजारची प्लास्टिकची गुलाबं. मी लेकीच्या लग्नातली पैठणी नेसले, कपाटातला वास येत होता तशीच.

सोनाली कपाळाला हात लावून बसली. “आजी, अशा टायमाला गरीब दिसायचं असतंय!”

“व्हय, म्हणजे दारात आलेल्या माणसाला फाटकी सतरंजी टाकू का? चल, पोहे हलव.”

मॅडम आल्या. खुर्चीवर बसल्या, टी-सेट बघितला, पैठणी बघितली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. सोनालीनं माझ्याकडं असं बघितलं की पोह्यातला शेंगदाणा माझ्या घशात अडकला. तेव्हा कळलं मला, काय करून बसले ते…

तेवढ्यात रेहानाभाभी दारात. तिचे पाहुणे गंगापूरहून न सांगता आलेले. “अम्मा, वो तलाठीबाई गये क्या? मेरे कुर्सियाँ देव ना, लोगां खड़ेच हैं घर में!” मग तिला मॅडम दिसल्या. जीभ चावली, पण बोललीच, “माफ करो बाई… तुम बैठे सो बी मेरीच है.”

मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मॅडम अशा हसल्या, अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी! उठल्या आणि स्वतःच खुर्ची उचलून भाभीच्या हातात दिली. टी-सेटही तुमचाच का म्हणाल्या. भाभी म्हणाली, “वो रखो, चाय पिके देव.”

मग मॅडमनी उभ्या उभ्याच मला विचारलं, “मावशी, खरं सांगा. ते पैसे गेले कुठं?”

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. सोनालीसाठी खुर्चीसारखा बसायचा संडास केलाय, भिंतीला धरायला दांड्या लावल्यात, मागच्या दाराला उतार केलाय. आधी पोरीला तिथवर मी उचलून न्यायची, आता एकटी जाते. मॅडमनी दांडी हलवून बघितली. पक्की आहे, मीच मिस्त्रीच्या डोक्यावर बसून लावून घेतली.

म्हणलं, “मॅडम, तुम्ही म्हणता एका वर्षाची कमाई. अहो, नऊ वर्षं फरशी पुसली तेव्हा हे आले, आता परत येणार नाहीत. नऊनं भागा की! वर्षात एवढं कमवत असते तर दोन घरच्या भाकरी थापत बसले असते का?”

मागून सोनालीनं भागून आकडासुद्धा सांगितला. मॅडमनी तो आकडा कागदावर उतरवून घेतला.

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं की हे पैसे एकदाच मिळालेले आहेत, दरवर्षीचं उत्पन्न नाही. सोनालीनं मला दोनदा वाचून दाखवलं. तो वर गेला, मान्य झाला, दाखला मिळाला आणि शनिवारी मोबाईल वाजला… पगार जमा!

ज्यांचं असं अडकलंय त्यांना सांगते, घाबरून घरी बसू नका. पीएफचा कागद न्या, पैसे कशाचे आणि कुठं लागले ते सांगा. तोंड आहे तर विचारा. माझ्यासारखी तिसरी शिकलेली जिंकली, तुम्ही तर शाळा शिकलेले. आणि त्या तलाठी मॅडमला देव उदंड आयुष्य देवो, कागद सोडून माणूस बघितला त्यांनी.

सोमवारी सोनाली क्लासला निघाली. मी ओट्यावर उभी, म्हणलं आता हात हलवेल, मग हलवेल… कारटीनं एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही. लई बरं वाटलं मला.