नवमीला लावलेले दिवे

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. विजेविषयी माझी पात्रता एवढीच, की गावोगावच्या वीजपुरवठ्याच्या तक्रारी मी रोज आटोपशीर करून छापत असे. रहिमतपूरजवळच्या खेड्यात माझे मामा राहत. भाचा पेपरात आहे म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार, अशी त्यांची खात्री होती. ती दूर करण्याचा प्रयत्न मी केला नाही.

मामा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातला एक जुना ट्रक घेतला आणि गावच्या सुताराकडून मागच्या हौद्यावर लाकडी खोली बांधून घेतली. झोपायला दोन बाक, खिडकीला पडदा, कोपऱ्यात स्टोव्ह. हेतू एकच, मामींना समुद्र दाखवायचा. नोकरीच्या काळात मामा देशभर फिरले होते आणि मामी शेत सांभाळत घरी होत्या. शिवाय मामींना एसटी लागत असे. स्वतःच्या गाडीत वाटेल तिथं थांबता येणार होतं.

मामींची अट होती. "अंधारात बसायला मी काय कोंबडी हाय व्हय? आत दिवा पायजे, पंखा पायजे. न्हाईतर तुमी एकटंच जावा. सवय हाय तुमाला."

मामा माझ्याकडं वळले. "मी जन्मभर स्टेरिंग धरलं. वायरिंगचं खातं येगळं असायचं. भाच्या, हे तुजं काम."

मी वाचनालयातून विजेवरचं एक पुस्तक आणलं. बॅटरीचं प्रकरण बरंच पुढं होतं. तिथवर पोचायला रजा पुरली नाही.

ट्रकला इंजिन सुरू करणारी एक बॅटरी होती. दिव्यांसाठी मी दुसरी आणवली, बाकाखाली ठेवली आणि जाड तारांनी दोन्ही एकमेकींना जोडल्या. धन टोक धनाला, ऋण टोक ऋणाला. इथवर सारं बरोबर होतं. इंजिन चालू असलं की दोन्ही भरत, हेही बरोबर. फक्त दोघींना वेगळं करणारा खटका मी मध्ये बसवला नव्हता. त्यामुळं दिवे दोन्हींतली वीज पिणार होते आणि इंजिनसाठी राखून ठेवलेलं असं काहीच उरणार नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मामांना सांगितलं, "एक दमली तर दुसरी सांभाळून घेईल."

मामा खूश झाले. "बघ गं, आपल्यावानीच."

"आपल्यात कोन दमलं आन् कुनी सांभाळलं," मामी म्हणाल्या, "ते मला इचारा."

निघायचं दसऱ्याच्या सकाळी ठरलं. सीमोल्लंघनाचा दिवस, त्या दिवशी वेस ओलांडायला मुहूर्त बघावा लागत नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारं पुजतात आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी चालवत नाहीत. नांगर, विळे, सुताराचा रंधा यांच्या रांगेत देवळापुढच्या पटांगणात ट्रकही उभा राहिला. मामांनी दोन्ही बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग गाव बघायला जमलं आणि मामांनी आतले सगळे दिवे लावले, पंखाही सोडला.

"मामा, पुजलेलं चालवायचं नसतं ना?" मी विचारलं.

"इंजिन चालवायचं न्हाई रं. दिवं लावनं म्हंजे काम न्हाई, आरास हाय."

हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. एका म्हाताऱ्यानं शंका काढली, "आवं पेपरवालं, ही वीज संपत न्हाई का?"

"दोन बॅटऱ्या आहेत," मी अधिकृत खुलासा केला.

दिवसभर आरास चालली. बाया पाळीपाळीनं पंख्याखाली बसून गेल्या. दिवेलागणीला बल्ब तांबूस दिसू लागले. विजेचा दाब कमी झाला असावा, असं मी म्हणालो. निदान अचूक होतं. त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता.

सकाळी मामी नवं लुगडं नेसून, भाकऱ्यांचं गठुळं मांडीवर घेऊन पुढं बसल्या. मामांनी किल्ली फिरवली. इंजिनातून टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली, तेव्हा तोही आला नाही. फिरवून सुरू करायचं हँडल लिलावाच्या आधीच कुणीतरी लांबवलं होतं.

"मामा, दिवं तरी लावा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आरास बघून जातो घरला."

दिवेही लागले नाहीत. गर्दी माझ्याकडं बघू लागली. मी बॅटरीकडं बघू लागलो.

मामा खाली उतरले. "उतर गं. दिवाळी झाली की बघू."

मामी समोरच बघत होत्या. "दिवाळी झाली की ऊस. ऊस झाला की लगीनसराई. मी न्हाई उतरत."

"आगं पन दिवा न्हाई, पंखा न्हाई—"

"कंदील घेतलाय मी. पेपरवाल्याच्या तारंवर कोन इश्वास ठीवतंय?" मग त्या गर्दीकडं वळल्या. "बघताय काय रं? ढकला की!"

माणसं लागली. मीही मागं लागलो. तेवढं काम मला समजत होतं. वेशीच्या पलीकडं उतार होता. ट्रक वेशीतून बाहेर पडला, उताराला लागला, मामांनी गिअर टाकून क्लच सोडला. गाडीनं आचका दिला, धूर ओकला आणि इंजिन सुरू झालं. माणसांनी आरोळी ठोकली.

"मामा, थांबा! तारा तपासून देतो!" मी मागून धावत ओरडलो.

मामांनी डोकं बाहेर काढलं. "थांबलो तर बंद पडंल रं! आता उतारावरच थांबायचं!"

मी रस्त्यावर उभा राहिलो. ट्रक वळणाआड गेला.

ते आठवड्यानं परतले. वाटेत बॅटऱ्या भरल्याही असतील. पण मामांचा त्यांच्यावरचा भरवसा उडाला होता, आणि माझ्यावरचाही. जिथं उतार सापडला तिथंच त्यांनी मुक्काम केला होता. मामींना वाटेल तिथं एकदाही थांबता आलं नव्हतं.

"समुद्र कसा होता, मामी?"

"लय मोठा. पन किनाऱ्याला समदं सपाट. ह्यांनी गाडी लांब टेकाडावर लावली आन् तिथनंच बघ म्हनले." मामींनी पदर सारखा केला. "म्हटलं, तुमी बसा गाडीपाशी. मी येते जाऊन."

"मग?"

"मग काय. ह्ये बसले की दिवसभर गाडी सांभाळत."