तिच्या दिवसातली माणसं

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा तिनं वर्गशिक्षिकेच्या मनगटाला चावा घेतला. शाळेतून फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या भाजीबाजारात होते. हातातली मेथी तिथंच ठेवली आणि शाळेकडं निघाले.

ही काही पहिली वेळ नव्हती. वही फाडणं, बाकाखाली जाऊन किंचाळणं, वर्गातून पळ काढणं हे पहिलीपासून वर्षभर चाललं होतं. दर वेळी मला एकटीला बोलावणं यायचं. मी ऐकून घ्यायचे, माफी मागायचे आणि घरी येऊन तिच्यावर ओरडायचे. त्या दिवशी मात्र मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही तिच्यासाठी दुसरी शाळा बघितलेली बरी." मी सरळ सांगितलं, "शाळा बदलणार नाही. उपाय सांगा. जे म्हणाल ते करते."

शाळेत आठवड्यातून दोनदा एक विशेष शिक्षिका यायच्या. त्यांनी मला बाजूला बसवून घेतलं. "ती सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणाकोणाच्या हाताखालून जाते, सांगा बरं," त्या म्हणाल्या. मी बोटांवर मोजलं. मी, माझा नवरा, सासूबाई, रिक्षावाले चाचा आणि वर्गशिक्षिका. "झालं तर," त्या म्हणाल्या, "येत्या शनिवारी हे सगळे इथं हवेत."

नवरा वाळूजच्या एका कंपनीत पाळीनं कामाला. त्याची सुट्टी जमवली. चाचांना विचारलं तर ते चकित झाले. "मेरेकू? मीटिंग में? आता ना भाभी, जरूर आता." अडल्या त्या सासूबाई. अजिंठ्याजवळच्या गावात त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. "मी अंगठेबहाद्दर बाई. शाळंत माझं काय काम?" मी म्हटलं, "आई, तिला तुमच्याइतकं कोणी बघितलंय का?" त्यावर त्या लुगडं बदलायला उठल्या.

दुसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे दुमडून बसलो. वर्गशिक्षिकेच्या मनगटावर वण अजून दिसत होता. मी तिकडं बघायचं टाळत होते. मला वाटलं, आता तक्रारींची यादी सुरू होणार. पण विशेष शिक्षिकेनं पहिला प्रश्न विचारला, "तिला काय काय छान जमतं?"

आधी चाचाच म्हणाले, "रिक्षे के छोटे बच्चोंकू वोइच उतारती. बस्ता भी पकडती." सासूबाई म्हणाल्या, "लई ध्यान हाय तिला. माझी गोळी चुकली की तीच सांगती." वर्गशिक्षिका म्हणाल्या, "फळा ती फार स्वच्छ पुसते." वर्षभरात त्या शाळेत माझ्या मुलीबद्दल चांगला शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ताठ बसले.

त्या दिवशी एवढंच ठरलं, की सहा आठवडे एक वही ठेवायची. ती बिथरली की कधी, कुठं आणि त्याच्या आधी काय झालं, तेवढं लिहायचं. वही तिच्या दप्तरातून जायची-यायची. चाचा आणि सासूबाई तोंडी सांगायचे, मी लिहून घ्यायचे.

सहा आठवड्यांनी पुन्हा त्याच बाकांवर बसलो. वर्गशिक्षिकेनं वही उघडली आणि त्या म्हणाल्या, "मी घरी बसून नोंदी आठवड्याप्रमाणे लावून बघितल्या. दोन आठवडे ती बरी असते, तिसऱ्या आठवड्यात रोज काहीतरी होतं. पुन्हा दोन बरे, पुन्हा तिसरा वाईट. तिसऱ्या आठवड्यात तुमच्या घरी काय असतं?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तिसरा आठवडा म्हणजे त्याची रात्रपाळी. तो दिवसा झोपायचा. दोन खोल्यांच्या घरात आम्ही पोरीला आठवडाभर 'शू' करत असायचो. हसू नको, पळू नको, टीव्ही लावू नको. घरात दाबलेलं सगळं ती शाळेत बाहेर काढत होती.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या नोकरीमुळंच हे सगळं?"

सासूबाईच बोलल्या. "नोकरीमुळं कशाला? आपल्याला उमगलं नाय म्हनून. आता उमगलं ना? त्या आठवड्याला दुपारी मी तिला मैदानात नेते. वरड म्हनावं तिथं काय वरडायचं ते."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. मुलीला आम्ही बाहेर पायरीवर बसवलं होतं. ती आत येऊन म्हणाली, "माझ्याबद्दल बोलताय तर मला बाहेर का ठेवलं?"

मी तिला परत पाठवणार होते. विशेष शिक्षिकेनं मला थांबवलं आणि तिला विचारलं, "बरोबर आहे तुझं. तूच सांग, राग येतो तेव्हा आम्ही काय करावं?"

ती फरशीकडं बघत म्हणाली, "हात धरू नका. हात धरला की मला सुटायचं असतं. मग मी चावते."

वर्गशिक्षिकेनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. त्या हळूच म्हणाल्या, "हो गं. मी धरला होता तुझा हात. घट्ट."

आम्ही सगळेच धरायचो. मी तर सगळ्यात जास्त.

पुढचा आराखडा पानभराचाही नव्हता. राग आला की तिनं दाराजवळच्या बाकावर जाऊन बसायचं, कोणी हात धरायचा नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी आजीबरोबर मैदान. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी बाबानं स्वतः तिला सांगायचं. रोज शेवटच्या तासाला फळा तिनं पुसायचा.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमीत भोंग्याचा आवाज वाढला आणि ती किंचाळत फाटकापर्यंत पळाली. पण या वेळी कोणी मागं धावून तिला ओढलं नाही. फाटकाशी रिक्षा घेऊन थांबलेले चाचा चार हात लांब, जमिनीवर बसून राहिले. काही वेळानं ती स्वतःच उठली आणि वर्गात गेली. शनिवारी आम्ही पुन्हा भेटलो आणि आराखड्यात एक ओळ वाढवली: मोठा आवाज होणार असेल तर तिला आधी सांगायचं.

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं कोणाला चावलं नाही. राग येतो अजूनही, यायचाच. दाराजवळचा बाक तिला कधी पाच मिनिटं लागतो, कधी अर्धा तास.

जूनमध्ये ती तिसरीत गेली, बाई बदलल्या. तक्रार येण्याची वाट मी बघितली नाही. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात नव्या बाईंची वेळ मागून घेतली. जुन्या बाईंना धरून आम्ही पाच जण गेलो, आणि या वेळी ती आमच्याबरोबर आत, पहिल्या बाकावर बसली.