शिडीचं पान

छापील इतिहासात स्वतःची चूक यावी म्हणून भांडलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या मित्राचा बाप. आम्ही त्यांना काका म्हणतो. लातूरच्या एमआयडीसीत काका आणि त्यांच्या धाकट्या भावानं डाळमिलची यंत्रं दुरुस्त करायला शेड टाकलं. त्याचीच पुढं कंपनी झाली. आधी विमानाला लावायच्या शिड्या, मग विमानाचे सुटे भाग, आता लष्करी गाड्यांचेही. कारखान्याच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी कोणी घरी जात नाही, कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. काकांनी हा नियम घरी आणला. त्यांच्या ओट्यामागं झारा, पळी, उलथनं, सगळ्यांच्या आकृत्या आहेत. पुतणीच्या लग्नात आचाऱ्याचा झारा सापडेना, तर काकांनी वऱ्हाडाची बस अडवली. व्याही म्हणाले, "अहो, एका झाऱ्यानं काय अडतंय?" काका म्हणाले, "तुमचं न्हाई अडत. ज्याच्या पोटात ऱ्हायलाय त्याचं अडंल." झारा मठ्ठ्याच्या पिंपात सापडला, मग नवरी सासरी गेली.

कंपनीचा इतिहास लिहायला मला बोलावलं तेव्हा मी नकार दिला होता. मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला. असला इतिहास म्हणजे मालकाची आरती, आणि तोफेच्या गाडीचं कौतुक माझ्याच्यानं होणार नाही, हे मत आजही कायम आहे. काका म्हणाले, "आरती नको करू. आमची शिडी लिही."

ती त्यांची पहिली शिडी, नांदेडला येणाऱ्या विमानासाठी केलेली. काकांनी स्वतः दाराची उंची मोजली, पण रिकाम्या विमानाची. माणसं आणि सामान चढलं की विमान चाकांवर खाली बसतं, हे शेडात कुणालाच ठाऊक नव्हतं. विमान भरत गेलं, बसत गेलं, आणि उघडं दार शिडीवर टेकून अडकलं. सगळ्यांना पुन्हा उतरवलं तेव्हा विमान वर आलं आणि शिडी सुटली.

मी ते लिहिलं. मालक झालेल्या भावानं पान काढायला लावलं.

"दादा, गिऱ्हाइकं हसतील."

"हसू दे की. हसलेलं ध्यानात ऱ्हातं. न्हाई छापलं तर उद्या एखादं पोरगं पुन्हा रिकामंच माप घेईल."

"मग तुझं नाव तरी नको."

"चूक बेवारस ठिवू व्हय?" काका उठले. "पान नसंल तर मी पुस्तकाच्या समारंभाला येत न्हाई."

त्याच समारंभात काका निवृत्त होणार होते. भावानं ते पान पुन्हा माझ्यापुढं सरकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "छाप."

आता नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी तेच पान वाचून दाखवतात. परवा मी काकांबरोबर कारखान्यावरून चाललो होतो, त्यांच्या हातात सायकल होती. आतून एकदम हसण्याचा आवाज आला. काका फाटकाशी थांबले. रखवालदारानं विचारलं, "आत येता का, काका?"

"नको. त्यांचं चालू दे."

हसणं थांबेपर्यंत ते तिथंच उभे राहिले, मग हळूच सायकल वळवली.