रोली हेस्लॉपची माती

रोली हेस्लॉपच्या मातीला आजही त्याच्या नावाची पाटी आहे. लाकडी पाटी, वर पांढऱ्या रंगात त्याने स्वतः काढलेली अक्षरं. माती मात्र आठ फुटी तारेच्या कुंपणाआड आहे आणि फाटकाचं कुलूप लंडनच्या कुठल्याशा वकिलांचं आहे. ज्याचं नाव पाटीवर, त्यालाच त्या ढिगाला हात लावायची बंदी. एवढी चिडतेस कशावर असं मला कुणी विचारलं, की मी त्याला त्या फाटकाशी नेऊन उभं करते.

आमच्या व्हिनी रो गावच्या कामगार क्लबात मी चोवीस वर्षं बारमागे उभी आहे. रोलीला त्याच्याही आधीपासून ओळखते. कोळशाची खाण बंद झाली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. पुढे शाळेत शिपाई म्हणून राहिला, पण पोटापाण्याचं काम आणि खरं काम या गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या होत्या. खरं काम म्हणजे लीक. कांद्याच्या कुळातली ही भाजी लोक बाजारातून आणून सूपमध्ये टाकतात. आमच्याकडे ती खाण्यासाठी लावतच नाहीत. मनगटाएवढी म्हणाल तर ती पोरासोरांची; रोलीची मांडीएवढी व्हायची. सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन भरतं, दोन-दोन लीकची जोडी मांडतात, पंच टेप लावून घन इंच काढतो. रोलीने ते अकरा वेळा जिंकलंय.

आणि लीक म्हणजे माती. खाणीच्या जुन्या आवारालगत पंचवीस वाफे होते, प्रत्येकाचा वेगळा. रोलीचा वाफा त्याच्या बापाचा. चाळीस वर्षं त्याने त्यात काय काय कालवलं ते देवालाच ठाऊक: धुराड्यातली काजळी, समुद्रावरचं शेवाळ, घोड्याचं शेण, मेंढीची लोकर. बाकी कुणाला सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. ती एकदा मला म्हणाली होती, "माझा हात त्याने इतक्या मायेने कधी धरला नाही, जितक्या मायेने ढेकूळ धरतो."

पाच वर्षांपूर्वी कौन्सिलर डेनीज थर्लवेल क्लबात आली. आमच्यातलीच, तिचा बाप रोलीबरोबर खाणीत उतरायचा. बरोबर पांढऱ्या बुटांचा एक कंपनीवाला होता. डेनीज म्हणाली, नदीपलीकडचा मोटारींचा कारखाना आता विजेच्या गाड्या करणार. गाडीत निम्मी किंमत बॅटरीची. बॅटरी बाहेरून आणाल तर पुढे गाडीवर कर बसेल, मग गाडी कोण घेणार, कारखाना कसा टिकणार? म्हणून बॅटरीही इथे झाली पाहिजे आणि बॅटरीत भरायची काळी पावडरही. ती पावडर करायचा कारखाना व्हिनी रोला येतोय. फक्त वाफ्यांची जागा हवी.

यात खोटं काही नव्हतं, हेच मला जास्त झोंबतं. माझा नवरा त्याच कारखान्यात गाडीखाली बॅटरी बसवतो. ती बोटीतून येते, अर्धं जग ओलांडून. बोटीला उशीर झाला की तो घरी बसतो. बोलणं सगळं खरं होतं, बोलणारे तेवढे पोकळ.

वाफेवाल्यांचं मतदान झालं. बारा विरुद्ध बारा. रोली सेक्रेटरी, बरोबरी झाली तरच त्याचं मत. सगळे त्याच्याकडे बघत बसले. तो बघत होता कर्स्टीकडे. कर्स्टी त्याची नात, तेव्हा सोळाची, माझ्या बाजूला उभी राहून ग्लास पुसत होती. गावच्या पोरांना नोकरीत पहिला हक्क, असं कंपनीवाला नुकतंच बोलून गेला होता.

"कर्स्टे," रोली म्हणाला, "तुला रसायनं आवडतात ना गं?"

"आवडतात की. पण आजोबा, तुमची माती..."

"मातीचं मी बघतो."

आणि त्याने हात वर केला.

आता आमची चूक सांगते. आमचीच म्हणते, कारण कागद मी टाईप केला. जागेच्या बदल्यात काय हवं ते लिहून द्या, असं कंपनीने सांगितलं होतं. आमचे लोक तीन आठवडे बसले, भांडले, एकमेकांची उणीदुणी काढली आणि अकरा अटी घातल्या. माती दोन फावडी खोल काढायची. एकाच्या मातीत दुसऱ्याची मिसळता कामा नये. पंचवीस वेगळे ढीग, प्रत्येकावर पाटी. ढिगावरून गाडी न्यायची नाही. पावसात ताडपत्री घालायची. कबरस्तानामागे नवे वाफे पाडून माती तिथे पोचवायची. नळ किती, कुठे, तोटी कसली, तेसुद्धा लिहिलं. कंपनीचा वकील हसतहसत सगळ्याला हो म्हणाला. का नाही म्हणणार? कारखाना उभाच राहिला नाही तर जागा परत, ही बारावी अट कुणाच्या डोक्यातच आली नाही. लीक लावणाऱ्या माणसाला माती गेली तर काय होईल याचीच भीती. बाकी जग आपल्या जागी असणारच, असं तो धरून चालतो.

शरद ऋतूत यंत्रं आली. माती मात्र कागदावर लिहिल्याप्रमाणे काढली, हे कबूल करते. रोली रोज थर्मास घेऊन समोर उभा असायचा. ढीग झाले, पाट्या लागल्या, कबरस्तानामागचे नवे वाफे तेवढे पडायचे राहिले. मग मांडव घालून समारंभ झाला, फीत कापली, सॅल्मनचे सँडविच वाटले. प्रत्येक वाफेवाल्याच्या हातात, कंपनीने स्वतः केलेला पहिला नमुना असं सांगून, काळ्या पावडरीने भरलेली एकेक काचेची बरणी ठेवली. बरणीवर चिकटवलेलं: "व्हिनी रोचं पहिलं पीक". डेनीज माईकवरून म्हणाली, "हीच आपल्या नातवंडांची भाकरी." तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या. माझेही हात त्यात होते.

त्यानंतर दोन वर्षं कुंपणाआड एक केबिन आणि एक कुत्रा एवढंच होतं. कर्स्टी कॉलेजात बॅटरीची रसायनं शिकत होती, वर्गात पहिली. तिसऱ्या वर्षी केबिन गेली. चौथ्या वर्षी कंपनी बुडाल्याचं आम्हाला रेडिओवरून कळलं. सरकारी मदत मिळणार होती ती कारखान्याच्या भिंती उभ्या राहिल्यावर, आणि भिंती उभ्या राहणार होत्या मदत मिळाल्यावर. असला कारभार मी माझ्या बारमध्ये केला तर क्लबवाले मला संध्याकाळपर्यंत ठेवणार नाहीत. पांढऱ्या बुटांचा माणूस आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात तेच बोलतोय म्हणतात. आमच्या कोपराला मात्र गूळ लागून राहिला.

रोलीने जागा मागितली नाही. मला म्हणाला, "जागा त्यांची, सही केली आपण. पण माती तर अटीप्रमाणे माझीच ना? निदान ती तरी मागतो." मी पत्र टाईप केलं. दीड महिन्याने बुडालेल्या कंपनीच्या लंडनच्या वकिलांचं उत्तर आलं: सदर माती हा सदर मिळकतीचा भाग असून कंपनीच्या घेणेकऱ्यांच्या हितासाठी ती हलवता येणार नाही. रोलीने ते बारवर ठेवून दोनदा वाचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, तो मात्र शांत.

"घेणेकऱ्यांचं हित," तो म्हणाला. "त्यातल्या एकाला तरी लीक लावता येत असेल का गं?"

"रोली, आज तुझी बिअर माझ्याकडून."

"नको. आज मी प्यायलो तर तारेवर चढेन."

या उन्हाळ्यात कर्स्टीला नोकरी लागली, हंगेरीला. तिथे असला कारखाना खरोखर उभा आहे, त्यांना तिच्यासारखीच माणसं हवीत. प्रदर्शन शनिवारी, तिचं विमान सोमवारी. एकवीस वर्षांची पोर, आईबाप इथे, मित्र इथे. हवं ते शिक्षण घेतलेलं, तरी युरोपच्या दुसऱ्या टोकाला जायचं. का? तर तिच्या आजोबांच्या वाफ्यावर जे व्हायचं होतं ते झालं नाही. मी तिला म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "मग काय करू, तुझ्याबरोबर ग्लास पुसू?"

सामान भरताना तिने आजोबांच्या शेल्फवरची ती बरणी खाली घेतली. इतकं शिकलेली पोर, बघितल्याशिवाय राहवतंय थोडंच. चिठ्ठीचा कोपरा सुटला होता, तो ओढला तर खाली दुसरी चिठ्ठी. परदेशी कारखान्याचं नाव, मालाच्या खेपेचा क्रमांक, तारीख. तारीख आमच्या समारंभाच्या वर्षभर आधीची.

त्याच दुपारी तिने मला क्लबात येऊन सांगितलं. "मी आजोबांना म्हटलं, हे यांनी केलेलं नाही. विकत आणलंय. ते एवढंच म्हणाले, नक्की? म्हटलं, दोन वर्षं हेच तर शिकले. मग टोपी घालून बाहेर पडले. कुठे गेले माहीत नाही."

मला माहीत होतं. तासाभरापूर्वीच तो माझ्याकडून प्रदर्शनाचं कार्ड घेऊन गेला होता. मला वाटलं, घरामागे पिंपात लावलेली दोन मरतुकडी लीक मांडतोय की काय. दुकानातल्या मातीत वाढलेली, माझ्या अंगठ्याएवढी. मला रडू आलं होतं.

शनिवारी सकाळी टेबलं मांडली, काळा कपडा अंथरला. शेजारच्या गावांतून लीक आली, दुधाने पुसून चकचकीत केलेली. आमच्या गावच्या तीनच जोड्या. अकरा वेळा जिथे रोलीची जोडी असायची, त्या मधल्या जागी त्याने ती बरणी ठेवली. कंपनीची चिठ्ठी पुन्हा नीट चिकटवलेली. पुढे कार्ड: आर. हेस्लॉप, व्हिनी रो.

पंच बर्नी स्टोको. सत्तरीचा, बाहेरगावचा, हसताना कुणी न पाहिलेला. तो बरणीपुढे थांबला. टेप काढली, बरणीचा घेर मोजला, उंची मोजली, वहीत लिहिली. मग बरणी उलटी करून चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला, चष्मा कपाळावर घेतला आणि खालचं वाचलं.

आमच्याकडे एक रिवाज आहे. पूर्वी लोक दुसऱ्याची लीक आपली म्हणून मांडायचे, त्यावरून डोकी फुटायची. तेव्हापासून एखादा माल बाद केला, की का केला ते पंचाने भरल्या हॉलमध्ये मोठ्याने सांगायचं, ते वहीत लिहायचं आणि बक्षिसं द्यायला आलेल्या पाहुण्याने त्याखाली सही करायची. सहीशिवाय बक्षिसं सुरूच होत नाहीत. हा नियम लिहिला रोलीनेच, तीस वर्षांपूर्वी.

यंदाची पाहुणी डेनीज थर्लवेल. दरवर्षी तीच असते.

बारा वाजता हॉल भरला. बर्नी उभा राहिला आणि बक्षिसांच्या आधी म्हणाला, "मधल्या टेबलावरचा माल बाद. मांडणारे आर. हेस्लॉप. कारण, नियम चौथा. मांडलेला माल कार्डावर लिहिलेल्या गावच्याच मातीत वाढलेला असला पाहिजे. वर लिहिलंय व्हिनी रोचं पहिलं पीक. हे इथे वाढलेलं नाही. बाहेरून आणून वर गावाचं नाव चिकटवलंय."

बर्नीने वही डेनीजपुढे ठेवली.

ती हळूच म्हणाली, "रोली, माझ्यावर का राग काढतोस? मलाही फसवलंच ना त्यांनी. मीही तेवढाच विश्वास ठेवला."

"ठेवलास, मला माहीत आहे," रोली म्हणाला. "तुझी माती कुठे आहे, डेनीज?"

ती वहीची कड सरळ करू लागली.

"माझी तारेपलीकडे आहे. आणि ही," त्याने कर्स्टीच्या खांद्यावर हात ठेवला, "सोमवारी विमानात असेल. तुझं काय गेलं ते सांग, मग आपण बरोबरीने फसलो म्हणू."

"लोकांसमोर कशाला, रोली..."

"तेव्हाही लोकांसमोरच होतं. माईक होता तुझ्या हातात."

डेनीज वहीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. माझ्या पोटात एक कणभरही माया हलली नाही, खरं सांगते. बर्नीने पेन पुढे केलं. "सही, कौन्सिलर. लोक थांबलेत."

तिने सही केली. बर्नीने बरणी उचलून रोलीला द्यायला हात पुढे केला, कारण बाद झालेला माल मालकाने परत न्यायचा असतो. रोलीने मान हलवली आणि डेनीजकडे बोट केलं. "मालक तिथे बसलेत."

बक्षिसं वाटून ती निघाली तेव्हा ती बरणी तिच्या हँडबॅगेत मावेना. पार्किंगपर्यंत दोन्ही हातांत धरून नेली तिने, आणि अख्खं गाव खिडकीतून बघत होतं.

सोमवारी कर्स्टी गेली. मंगळवारी रोली नेहमीसारखा आला, वही मागितली आणि ते पान उघडून बसला. त्या सहीला कुठल्या कोर्टात किंमत नाही, मलाही कळतं. पण या पाच वर्षांत मंत्री आले, वकील आले, पत्रं आली, आणि आमच्या हातात ठेवलं ते खोटं होतं एवढं कुणी स्वतःच्या हाताने कबूल केलेलं तेवढंच एक पान आहे. रोलीने त्याच्यावर बोट ठेवलं, वही मिटून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "हंगेरीला आता किती वाजले असतील गं?"